दादाची लाळ साफ निघाली होती

माझं काम लोकांच्या लाळेचं आहे. सांगलीतल्या एका दंत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं नोकरी करते. लग्न होऊन आले तेव्हा सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आता त्याच विचारतात, "काय गं, थुंकीवरनं खरंच कळतं का?" काही कळतं, काही कळत नाही, असं मी सांगते. याहून खरं उत्तर माझ्याकडे नाही.

आमच्या विभागात तेव्हा तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन चालू झालं होतं. तोंडाच्या आतली त्वचा सारखी झडत असते आणि झडलेल्या पेशी लाळेत मिसळतात. पेशी बिघडू लागली की तिच्या जनुकांवर काही खुणा उमटतात. डोळ्यांना चट्टा किंवा जखम दिसायच्या आधी त्या खुणा लाळेत सापडू शकतात. सापडतातच असं नाही. त्या किती भरवशाच्या आहेत हे पाहायचं, तर आजारी माणसांची लाळ हवी आणि तंबाखू खाऊनही काही तक्रार नसलेल्यांचीही हवी. आजारी माणसं आपल्या पायांनी दवाखान्यात येतात. ज्यांना काही होत नाही ती कशाला येतील? त्यांच्याकडे आपणच जावं लागतं. म्हणून मी माझं माहेरचं गाव सुचवलं.

गाव औंधच्या अलीकडे आहे. शेतात उभं राहिलं की डोंगरावरचं यमाईचं देऊळ दिसतं. आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे माझा थोरला भाऊ आणि वहिनी. दादा फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाला होता. गावात त्याला सगळे 'फौजी' म्हणत. शेतात खत टाकायला जायचं असलं तरी तो आधी घोटून दाढी करायचा. घरातल्या चपलासुद्धा त्याच्या धाकानं एका रेषेत असायच्या. तंबाखूची सवय त्याला पहाऱ्यावर लागली. बर्फातल्या ड्युटीत झोप येऊ नये म्हणून कुणीतरी हातावर ठेवली आणि मग ती सुटलीच नाही. तळहातावर चुना घेऊन अंगठ्यानं मळायची, दोन थापा मारून धूळ उडवायची आणि डाव्या गालात बार भरायचा. त्याच्या डाव्या गालाला कायम एक फुगवटा असे. माझ्या डोळ्यांसमोर त्याचा चेहरा तसाच आहे.

वहिनी मिश्री लावायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या बाळंतपणाच्या आधी दाढ दुखत होती म्हणून शेजारच्या म्हातारीनं तव्यावर भाजलेली तंबाखू बोटावर दिली. दाढदुखी थांबली, पण मिश्री थांबली नाही. जेवण झालं की ती मागच्या दारात बसायची, बोटानं हिरड्या घासत, गप्प. दिवसभरात स्वतःसाठी तिला तेवढाच वेळ मिळायचा.

आमचं पथक येणार म्हटल्यावर सगळी व्यवस्था दादानं अंगावर घेतली. आदल्या संध्याकाळी त्यानं मारुतीच्या देवळातल्या लाउडस्पीकरवरून सांगितलं, "उद्या सकाळी कुणी तोंडात कायबी घालायचं न्हाई. च्या न्हाई, तंबाखू न्हाई, मिशरी न्हाई. फकस्त तोंड घिऊन या."

सकाळी ग्रामपंचायतीसमोर रांग लागली. सकाळचा बार न भरलेली माणसं कावलेली होती. एक जण म्हणाला, "एवडी थुंकी तर आमी रोज रस्त्यावर टाकतुया. ती कशाला पायजे ह्यास्नी?"

"मग आज जरा कामाला यिऊ दे की गड्या," दादा म्हणाला, आणि सगळ्यांची भीड मोडावी म्हणून त्यानं पहिली नळी स्वतः घेतली. मान खाली घालून, फौजी शिस्तीत, रेघेपर्यंत भरून दिली.

बायका पुढे यायला तयार नव्हत्या. पुरुषांसमोर थुंकायचं कसं? शेवटी आतल्या खोलीच्या दाराला मी एक जुनं लुगडं बांधलं आणि त्याच्या आड एकेकीला बोलावलं. वहिनी सगळ्यांत शेवटी आली. नळी हातात घेऊन हसायला लागली. "वन्सं, माजं तर हितं आल्यावर तोंडच सुकलंय." मग थोडी लाळ जमली, आणि नळी माझ्या हातात देताना तिनं ती पदरानं पुसून दिली.

तपासण्या व्हायला काही महिने गेले. ज्यांच्या लाळेत खुणा वाढलेल्या दिसल्या त्यांना सांगलीला बोलावून घ्या, असं आमच्या प्रमुख डॉक्टरांनी सांगितलं. गावातून मोजकीच माणसं होती. त्यात माझी वहिनी होती.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "हिची? आणि माजी?"

"तुझ्या लाळेत काही दिसलं नाही."

"मग मशीन चुकलंय तुमचं. खातुय मी आन् सापडतंय हिला?"

"मशीन चुकलंय का ते बघायलाच बोलावतेय. घेऊन ये तिला."

दुसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन आला. डॉक्टरांनी वहिनीचं तोंड उजेडात नीट पाहिलं. खालच्या शेवटच्या दाढेमागे मसुराच्या डाळीएवढा लाल डाग होता. आरशासमोर उभं राहून तिला तो कधीच दिसला नसता. तिखट लागलं की तिथं चरचरायचं, पण तोंडात उष्णता झाली असेल म्हणून ती गुळाचा खडा धरायची. लाळेवरून फक्त संशय घेता येतो, खरं काय ते तुकडा काढून तपासल्यावरच कळेल, असं डॉक्टरांनी दोघांना समजावून सांगितलं.

बाहेर आल्यावर वहिनीनं माझा हात धरला. "वन्सं, कापलं की पसरतंय म्हनत्यात. माज्या मावशीचं तसंच झालं."

"तुमच्या मावशीला उशिरा नेलं होतं, वैनी. कापल्यामुळं नाही पसरलं."

तिनं दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "डॉक्टर काप म्हनत्यात तर कापायचं. मी हाय हितं. कुटं जात न्हाई."

तुकड्यात कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं. दोन दाढा, थोडी हिरडी आणि जबड्याच्या हाडाची एक कड एवढंच काढावं लागलं. शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायची गरज पडली नाही.

दादा म्हणाला होता तसा कुठेच गेला नाही. ती बरी होईपर्यंत दोघं माझ्याकडेच राहिली. घरी कधी पाण्याचा तांब्या न उचललेला माणूस माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून पेज शिजवायचा. "लंगरात पाचशे मानसांचं केलंय, हिचं एकटीचं काय अवगड हाय?" म्हणायचा. तासगावची माझी नणंद बेदाणे घेऊन आली, तर ते भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून त्याचं पाणी तो वहिनीला चमच्यानं पाजायचा. तिची हनुवटी रुमालानं टिपताना त्याचा एवढा मोठा हात किती हलका व्हायचा! लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांना एकमेकांशी इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिला बोलता येत नव्हतं म्हणून तो दोघांचंही बोलायचा.

आणि दर थोड्या वेळानं तो फाटकाबाहेर जायचा. कडुनिंबाखाली उभा राहून बार भरायचा.

एकदा मी त्याच्यामागे गेले. "दादा, आत तुझी बायको कशानं पडलीय ते बघतोस ना? मग हे काय?"

"अगं बाय, माजी लाळ साफ निघालीया. तूच सांगितलंस न्हवं?"

"तेव्हा काही दिसलं नाही एवढंच सांगितलं. तंबाखू सोड आणि दर सहा महिन्यांनी तोंड दाखव, हेही सांगितलं होतं. डॉक्टरांनीही सांगितलं."

"व्हय, व्हय. दाखवतो की."

त्यानं ऐकलं ते अर्धंच. गावात परत गेल्यावर चहाच्या टपरीवर त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं की सांगलीच्या मशीननं आपल्याला पास केलंय. त्याची मग चेष्टाच होऊन बसली. कुणी पुडी पुढे करताना म्हणायचं, "घ्या फौजी, तुमची तर पास झालीया." दादाही हसून घ्यायचा. वहिनीनं मात्र मिश्री सोडली ती सोडलीच. भाजायचा तो जुना तवासुद्धा तिनं भंगारवाल्याला दिला. ती दादाला बोलायची, भांडायची, एकदा अबोलाही धरला. त्यानं तिच्यासमोर खायचं बंद केलं, एवढाच फरक पडला.

पुढच्या वर्षी आमचं पथक पुन्हा गावात गेलं, तेव्हा तो लेकीच्या सासरी खंडाळ्याला गेला होता. त्यानंतर मी फोन करायचे तेव्हा कधी ऊस तोडायला आलेला असायचा, कधी विहिरीची मोटार जळालेली असायची. कारणं खोटी नव्हती. शेतकऱ्याच्या घरी कारणं खरीच असतात.

अशी काही वर्षं गेली. मग एके दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला. ती कधी फोन करत नसे. ऑपरेशननंतर तिचं बोलणं किंचित जड झालं होतं, शब्द एका बाजूनं बाहेर यायचे.

"वन्सं, ह्यांनी ठेचा सोडलाय."

मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी होते. तिथंच पायरीवर बसले.

"कधीपासून?"

"कवापासून काय म्हाईत. भाकरी आमटीत बुडवून खात्यात. इच्यारलं तर म्हनत्यात वय झालं. वन्सं, मी पन असंच करत हुते." मग म्हणाली, "मला कळतंय. माज्या तोंडाला कळतंय."

दादा सरळ आला नसता. तेव्हा तिनं स्वतःच्या तपासणीचं निमित्त केलं आणि त्याला सोबत म्हणून आणलं. तिचं तोंड पाहून झाल्यावर ती खुर्चीवरून उठली आणि डॉक्टरांना म्हणाली, "आता ह्यास्नी बगा." दादा चिडला. पण परक्या माणसासमोर आवाज चढवणं त्याच्या शिस्तीत बसत नव्हतं. तो बसला. तोंड उघडायला सांगितलं तर दोन बोटं जातील इतकंच उघडलं. आत, डाव्या गालात, तंबाखू धरायच्या जागी कडा घट्ट झालेली जखम होती. डॉक्टरांनी मानेवर हात फिरवला आणि जबड्याखाली एका जागी त्यांची बोटं थांबली. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केल्यावर त्याचा अर्थ मला सांगावा लागला नाही.

बाहेरच्या बाकावर दादा माझ्याशेजारी बसला. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ.

"बाय, माजी लाळ तर साफ हुती की गं."

"होती, दादा. तेव्हा होती."

नंतर खिशातून पुडी आणि चुन्याची डबी काढून त्यानं कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या बादलीत टाकली. काही दाखवायचं म्हणून नाही, बसचं जुनं तिकीट टाकावं तशी. त्यानंतर त्यानं तंबाखूला हात लावला नाही.

त्या आठवड्यात मी डॉक्टरांना एक विनंती केली. जुन्या नमुन्यांचा उरलेला भाग आम्ही अतिथंड कपाटात जपून ठेवतो. दादाचा नमुना पुन्हा तपासावा, असं मी म्हटलं. माझ्या डोक्यात एकच होतं, आमच्याकडून काहीतरी निसटलं असणार. तपासणी माझ्याऐवजी दुसऱ्या सहकारिणीनं केली. उत्तर तेच आलं. लाळ साफ होती. तिसऱ्यांदा करा म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी गप्प बसले. चूक सापडली असती तर निदान कुणावर तरी, स्वतःवर का होईना, रागावता आलं असतं. त्या दिवशी त्याच्या तोंडात खरंच काही नव्हतं. ते नंतर आलं. रोज थोडं थोडं, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आलं.

ऑपरेशनमध्ये खालचा अर्धा जबडा गेला. छातीचं मांस काढून गाल बांधला. मग शेक झाले. त्या काळात दादा फार शहाण्यासारखा वागला. नाकातली नळी, गळ्यातलं भोक, तोंडातला दाह, कशाबद्दल त्यानं कुरकूर केली नाही. बोलणं मात्र गेलं. नुसते स्वर निघायचे. डॉक्टरांना, मला, सुटी काढून आलेल्या त्याच्या मुलालाही ते कळायचे नाहीत. वहिनीला सगळं कळायचं. ती त्याच्या तोंडाकडे बघायची आणि आम्हाला सांगायची, "म्हनत्यात, पंखा कमी करा." "म्हनत्यात, पोराला म्हनावं तू जा आता डुटीवर." तिचं बोलणं एका बाजूनं येणारं आणि त्याचं असं, पण त्या दोघांचं एकमेकांत अडत नव्हतं.

दाढीचं त्याला फार लागलं. एका बाजूला कातडी ओढलेली, दुसऱ्या बाजूला शेकानं केस तुरळकच उगवायचे. त्याचा हात थरथरायचा. मग वहिनी रोज सकाळी त्याला अंगणात खुर्चीवर बसवायची, गळ्यात टॉवेल बांधायची आणि उरलेल्या गालावरून जपून वस्तरा फिरवायची. मी गेले होते तेव्हा पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता. ती पाण्याची वाटी हातात धरून, जीभ दातांत दाबून, लहान मुलीसारखी मन लावून दाढी करत होती. मी अंगणाच्या कडेला उभी राहिले आणि तिचं होईपर्यंत पुढे गेले नाही.

मानेत गाठ पुन्हा आली. आता पुढचं काही नको, घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेवटचे दिवस तो शेतातल्या घरात होता. दारातून देवळाचा डोंगर दिसेल अशी खाट टाकली होती. हरभरा फुलावर होता. एका सकाळी वहिनी दाढीचं पाणी गरम करून घेऊन आली, तेव्हा तो गेलेला होता. तरी तिनं दाढी केली. मग सगळ्यांना हाक मारली.

दहाव्याला आम्ही ओढ्याकाठी गेलो. मुलानं पिंड मांडला. कावळे होते, समोरच्या बाभळीवर बसलेही होते, पण एकही खाली येईना. मुलगा हात जोडून म्हणाला, आईला मी सांभाळीन. लेक म्हणाली, शेत पडीक ठेवणार नाही. मीही मनात जे म्हणायचं ते म्हटलं. ऊन चढू लागलं. कावळे नुसते माना वळवत होते.

तेव्हा आमचे एक म्हातारे चुलते पुढे झाले. त्यांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली. "त्याचा जीव हितं अडाकला आसंल. ठिवा जरा बाजूला. लगीच शिवंल." वाईट हेतू नव्हता. गेलेल्याला जे आवडायचं ते पिंडाशेजारी ठेवायची आमच्याकडे रीतच आहे. दोघातिघांनी माना डोलावल्या.

वहिनी बायकांच्या मागे उभी होती. ती पुढे आली. डोक्यावरचा पदर तिनं एका हातानं धरला होता.

"न्हाई मामंजी. त्ये न्हाई ठिवायचं."

"अगं पोरी, त्याच्या जिवाला..."

"त्यांनी सोडली हुती." तिचा आवाज फुटत होता, पण शब्द नीट येत होते. "तोंड गेल्यावर का हुईना, पर सोडली हुती. आता तुमी परत त्यांच्या हातात दिऊ नगासा."

चुलत्यांनी पुडी परत खिशात घातली. आम्ही थांबलो. ओढ्याचं पाणी उन्हात चमकायला लागलं, बायकांनी पदर डोक्यावरून पुढे ओढले. कावळा शिवला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि विधी पुरा झाला. वहिनी तेवढा वेळ बाभळीकडे बघत उभी होती. तिनं दुसरं काही मागितलं नाही.

परतताना चुलते बांधाच्या आडोशाला थांबले आणि त्यांनी बार भरला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि पुढे चालत राहिलो.

आमचं संशोधन अजून चालू आहे. ही तपासणी गावोगावच्या दवाखान्यात कधी पोचेल ते मला सांगता येत नाही. वहिनीचं तोंड चांगलं आहे. ती एसटीनं एकटी तपासणीला येते, नळी भरून देते, माझ्या घरी जेवते. उजव्या बाजूनं सावकाश चावते. मुलगा तिला आपल्या क्वार्टरमध्ये राहायला बोलावतो, पण ती जात नाही. मागच्या खेपेला मी म्हटलं, "वैनी, चार दिवस राहा की. घाई काय आहे?"

"न्हाई वन्सं," ती पिशवी उचलत म्हणाली, "घर एकटं हाय."

मी तिला स्टँडवर नेलं, खिडकीजवळची जागा बघून दिली, आणि बस हलेपर्यंत खाली उभी राहिले.